डाव्या मांडीतला तुकडा

सातव्या प्रश्नापाशी पेन अडलं. त्याआधीच्या सहा प्रश्नांना मी हुशार मुलासारखी भराभर उत्तरं दिली होती. छातीत पेसमेकर? नाही. मेंदूत क्लिप? नाही. कानात बसवलेलं यंत्र? नाही. खरं तर कानापायीच आलो होतो. उजव्या कानात तीन महिन्यांपासून एक शिट्टी अडकून बसली होती, आणि खुर्चीतून उठलं की जमीन एका अंगानं कोणीतरी उचलतंय असं वाटायचं. म्हणून डॉक्टरनं डोक्याचा एमआरआय लिहून दिला. आणि आता हा सातवा प्रश्न : शरीरात कुठेही धातूचा तुकडा, छर्रा, गोळी आहे का? असल्यास कुठे? कुठे-पुढे कोरी रेघ ओढलेली. पाहुण्याला पाट मांडून ठेवावा तशी.

"लिहा की," बायको खांद्यावरून म्हणाली. "डावी मांडी." इतक्या मोठ्यानं म्हणाली की समोरच्या बाकावरच्या दोन बायकांनी माझ्या मांडीकडे बघितलं. मी बायकोकडे बघितलं. ती चष्मा पुसत होती. चष्मा स्वच्छ असला की ती तो पुसते, हे मला चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारानं शिकवलंय. म्हणजे मनात काहीतरी शिजत होतं. माझी शंका तिथूनच सुरू झाली असं नाही, ती आठवडाभर आधी सुरू झाली होती. खोलीत डॉक्टर मला म्हणाला, "बाहेर वजन करून या," आणि मी वजनकाट्यावर उभा असताना दाराच्या फटीतून दिसलं, बायको टेबलावर वाकून डॉक्टरला काहीतरी सांगतेय आणि तो मान हलवतोय. माझं वजन भरलं साठ किलो. कानाच्या शिट्टीला वजनाचं काय काम? पण मी विचारलं नाही. विचारलं की समोरचा सावध होतो. गप्प बसलं की चुकतो. आयुष्यभर थापा मारणाऱ्या माणसाला एवढं तरी कळतंच.

तर तुकडा. वर्कशॉपमध्ये मोठ्या प्रेसचं जड चाक फिरता फिरता तडकलं, त्याचा रुपयाएवढा तुकडा छपराचा पत्रा फोडून वर गेला, वर जरा थांबला (हे 'जरा थांबला' मी नंतरच्या वर्षांत घातलं), आणि परत येऊन माझ्या डाव्या मांडीत शिरला. तरी मी लंगडत गेलो आणि मेन स्विच पाडला. अकरा माणसं वाचली. लग्नकार्यात सतरा वाचायची. सर्जन म्हणाला, तुकडा मोठ्या शिरेला टेकलाय, हात लावू नका, आता तो घरचाच समजा. त्या घरच्या माणसानं मला काय काय दिलं! मी कधी जड सामान उचललं नाही. जमिनीवर बसलो नाही. गाडीत खिडकी माझी. हवा बदलणार असली की मांडी आधी सांगायची, आणि तीनदा सांगितलं की एकदा खरं व्हायचंच. मुलगा लहान असताना चुंबक आणून माझ्या मांडीला लावायचा आणि श्वास रोखून बघायचा. मी हळूच मांडी पुढे सरकवायचो. तो ओरडायचा, "आई, ओढतंय!" आता तो स्वतः बाप झालाय आणि कारखान्यात सुरक्षेचं काम बघतो, आणि नव्या लोकांना पहिल्या दिवशी माझी गोष्ट सांगतो. बायको तर रोज संध्याकाळी वाटीत कोमट तेल घेऊन बसायची आणि त्या जागेवर अंगठ्यानं गोल गोल चोळायची. त्या जागेवर एक व्रणही आहे. सायकलवरून पडल्याचा. बायको बाळंतपणाला माहेरी होती तेव्हाचा. पण व्रण काय, त्याला तुम्ही जे सांगाल ते तो ऐकून घेतो.

मी कोऱ्या रेघेवर 'डाव्या मांडीत' लिहिलं. आठवा प्रश्न होता डोळ्यांचा : डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का? मी 'नाही'वर खूण केली आणि नवव्याकडे गेलो. आता विचार करतो तर वाटतं, तिथेच कोणी माझ्या हाताकडे बघायला हवं होतं. खोटं बोलताना माझा हात रेंगाळतो, त्याला रंग भरायचा असतो. ती खूण मात्र माशी उडवावी तशी झाली.

खिडकीमागच्या मुलीनं फॉर्म वाचला आणि भुवया वर केल्या. "काका, मांडीत कसला तुकडा? ऑपरेशनचे, तपासणीचे काही कागद?"

"जळाले," मी म्हणालो.

"जळाले?" बायको म्हणाली. "पुरात गेले म्हणाला होतात."

"आधी जळाले. उरले ते पुरात गेले."

मुलगी हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं. न हसणाऱ्या माणसासमोर गोष्ट सांगणं म्हणजे बंद दाराशी बोलणं. तिनं फॉर्मवर लाल पेनानं गोल केला, म्हणाली, "आत सिस्टर परत विचारतील," आणि माझ्या मागच्याला हाक मारली. परत का विचारतील? एकदा सांगितलं, लिहून दिलं, सही केली. परत तेच विचारतात ते चौकीवर. मला वाटलं, सगळा बेत आता दिसतोय. डोक्याचा फोटो हे निमित्त. बायको म्हातारपणी एकदाचं बघणार होती की ज्याला अडतीस वर्षं तेल पाजलं तो तुकडा आहे की नाही. आणि वजनाच्या वेळी डॉक्टरला हेच सांगितलं असणार, डोकं बघता बघता जरा खालीही बघा. मी तिच्याकडे वळून म्हणालो, "तू घरी गेलीस तरी चालेल." ती म्हणाली, "चालेल, पण तुम्हाला चक्कर येते. चालणार कोण?" हे असं उत्तर. ह्यात प्रेम किती आणि पाळत किती, ते तराजूवर घालून सांगता येत नाही.

कपडे बदलायच्या खोलीत बायकोला येऊ दिलं नाही. सिस्टर बारीक चणीची होती आणि एकेक वस्तू मागून घेत होती. घड्याळ, पट्टा, किल्ल्या, पाकीट, अंगठी. अंगठी निघेना तर साबण लावून काढली. मग पाठीमागे नाड्या बांधायचा झगा दिला, ज्यात पुढून माणूस राजासारखा दिसतो आणि मागून त्याचं राज्य गेलेलं असतं. मग म्हणाली, "कवळी?" माझी वरची चार दातांची कवळी तारेवर बसते. "तीही?" "तार आहे ना तिला. काढा." मी काढली. ती तिनं डबीत टाकली, डबी कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली स्वतःच्या खिशात घातली. आरशात बघितलं तर एक अनोळखी बोळका माणूस झग्यात उभा होता. दातांशिवाय माझी एकही गोष्ट मी कधी कोणाला सांगितलेली नाही.

"अंगावर दुखण्याची पट्टी चिकटवलीय? औषधाची? काही पट्ट्यांत धातू असतो, भाजतं. आत ठोकल्यासारखा मोठा आवाज येईल, कानात बोळे देऊ. हातात रबरी फुगा देऊ, काही वाटलं की दाबा. अर्धा-पाऊण तास हलायचं नाही." हे सगळं तिनं दम न घेता सांगितलं आणि मग फॉर्म उलटला. "आता परत विचारते. पेसमेकर?" आणि पुन्हा पहिल्यापासून. सातव्याला थांबली. "मांडीत तुकडा आहे म्हणता आणि कागद नाहीत. मग आधी मांडीचा एक्स-रे काढून घेऊ. शेजारीच आहे, दहा मिनिटं." झालं. एक्स-रेच्या काळ्या फिल्मवर मांडीचं पांढरं हाड उभं राहणार, आणि हाडाशेजारी काही नाही. ती फिल्म पिशवीत घालून बायकोच्या हातात देणार. ती ती खिडकीच्या उजेडात धरणार. मुलाला फोन करणार. सतरा माणसं एका झटक्यात मरणार.

मी इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणालो, "शिश्टर, मांडीत काई नाई." दातांशिवाय शब्द असेच आले. "ते बायकोशाठी."

मग तिनं नवा फॉर्म घेतला आणि सातव्याला 'नाही' लिहिलं. "डोळ्यात कधी कण गेला होता?" "नाई." पुन्हा माशी उडवली.

मशीनच्या दाराबाहेर एक बाक आहे, तिथे मला बसवलं. दारावर लाल अक्षरांत लिहिलं होतं की आतलं चुंबक सदैव चालू असतं. सदैव. आवाज येत असो वा नसो, कोणी आत असो वा नसो, रविवारीसुद्धा. खाली एक चित्र होतं, एक खुर्ची उडत उडत मशीनच्या गोल भोकाकडे चाललीय आणि माणूस तिच्यामागे धावतोय. हे मी सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, जरा कमी करा. मी त्या उडत्या खुर्चीकडे बघत बसलो, आतून ठण ठण ठण असा आवाज यायला लागला, आणि तो आवाज मला ओळखीचा वाटला. छिन्नीवर हातोडा. वर्कशॉपच्या मागच्या बाजूला, जिथे उजेड कमी असायचा, तिथे एक गंजलेला बोल्ट तोडायचा होता. छिन्नी माझ्या हातात, हातोडा जोडीदाराच्या. जोडीदार म्हणजे माझ्याच वयाचा, दाट केसांचा, हसला की डोळे मिटून घेणारा. छिन्नीचं डोकं मार खाऊन खाऊन फुललं होतं, कडा बाहेर वळल्या होत्या भजीसारख्या. मिस्त्री रोज सकाळी ओरडायचा, फुललेलं डोकं घासून घ्या, गॉगल लावा, नाहीतर घरी जा. घासायचा आम्हाला कंटाळा. आणि मी त्याला गोष्ट सांगत होतो. कुठली ते आता आठवत नाही, आणि हे मला सगळ्यात जास्त खुपतं, की जिच्यापायी हे झालं ती गोष्टच आठवत नाही. चांगली असणार, कारण तो हसला. डोळे मिटून हसला आणि हातोडा मारला. छिन्नीच्या डोक्याची कड उडाली. मला एवढंच कळलं की डाव्या डोळ्यात कोणीतरी गरम बोट टेकवलं आणि काढून घेतलं.

तो पांढराफटक पडला. त्याची नोकरी गेली असती, माझीही. गॉगल दोघांचे खुंटीला लटकत होते. त्यानं मला पाण्याच्या टाकीमागे नेलं, पापणी वर धरली, रुमालाचं टोक फिरवलं, मग खिशातून चुंबक काढलं, जमिनीवरचा लोखंडाचा कीस गोळा करायचं, आणि ते डोळ्यासमोर धरून म्हणाला, "निघाला, निघाला!" "दाखव." त्यानं चुंबक दाखवलं. चुंबकावर सकाळपासूनचे दोनशे कण दाढीसारखे उभे होते. "ह्यातलाच एक," तो म्हणाला, आणि लगेच ते पँटला पुसलं. इतक्या लगेच का पुसलं? अडतीस वर्षं मी हा प्रश्न कोणाला विचारलेला नाही, त्याला तर नाहीच. पुढे तो दुसऱ्या गावी गेला, नंतर कळलं वारला. डोळा चार दिवस सुजला, पाचव्या दिवशी उतरला. दिसायला लागलं. मग विचारायचं कशाला? पण चार दिवस रजा का, हे मिस्त्रीला सांगायला हवं होतं. डोळ्याला फडकं बांधून डोळ्याचं सांगता येईना, म्हणून मी म्हणालो, रस्त्यात पडलो, तोंड आपटलं, मुख्य मार मांडीला. बायको माहेरी होती, मुलगा व्हायचा होता. ती आल्यावर पडलेला माणूस तिला सांगणं बरं दिसेना, तेव्हा प्रेसचं चाक फुटलं. म्हणजे मांडीतला तुकडा जन्मला तो डोळ्यातला लपवायला. पुढे तो इतका मोठा झाला, कर्ता झाला, की त्याच्या सावलीत दुसऱ्याचं मला नावही आठवेना. निदान मी तसं म्हणत आलो.

दार उघडलं. मशीन चालवणारी बाई बाहेर आली. पन्नाशीची, केस मागे घट्ट बांधलेले. तिच्या हातात दोन फॉर्म होते. ती बाकावर माझ्या शेजारीच बसली.

"काका, पहिल्या कागदावर मांडीत तुकडा आहे, दुसऱ्यावर नाही. पंधरा मिनिटांत कुठे गेला?"

"विरघळला," मी म्हणालो. ती हसली नाही. आज न हसणाऱ्यांचाच दिवस होता.

"आम्ही तीनदा विचारतो. तीन माणसं, तेच प्रश्न. लोक चिडतात. पण खरं असलं की तिन्ही वेळेला एकच येतं." तीनदा एकच गोष्ट एकसारखी सांगणं हे मला जन्मात जमलेलं नाही, आणि ही बाई त्यावरच टपून बसली होती. "काय काम करायचात?"

"वर्कशॉप."

"लेथ? छिन्नी-हातोडा?" तिनं मान कलती करून माझ्या डोळ्यांकडे बघितलं, आधी उजव्या, मग डाव्या. "डोळ्यात कधी काही गेलं होतं का? दोन्हीकडे नाही म्हणालात. तिसऱ्यांदा विचारते, आणि ह्यापुढे कोणी विचारणार नाही. आत गेलात की विचारून उपयोग नाही."

मला वाटलं, 'नाही' म्हणावं. तिसऱ्यांदा 'नाही' आलं की हिच्या हिशेबानं ते खरंच. जोडीदार म्हणालाच होता, निघाला. आणि समजा नसेल निघाला, तर अडतीस वर्षं जो बिचारा गप्प बसला तो आजच कशाला उठेल? पण दारावरची ती खुर्ची उडत होती. आणि मला एकदम वाटलं की आपण आता ज्याच्या शब्दावर ह्या दारातून आत जाणार आहोत, तो भेदरलेला, तिशीचा, पोराबाळांचा माणूस होता, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीसुद्धा 'निघाला'च म्हणालो असतो. चुंबकही लगेच पुसलं असतं.

मग मी सांगितलं. इतकी वाईट गोष्ट मी आयुष्यात सांगितलेली नाही. दात नाहीत, सुरुवात नाही, कोण वाचलं नाही, कोणी धावलं नाही. "छिन्नी होती. कड उडाली. त्यानं शुंबक लावलं. निघाला म्हणाला. मी नाई बघितला." संपली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो की आता ही म्हणणार, काका, ही तिसरी थाप. तिच्या जागी मी असतो तर विश्वास ठेवला नसता, त्या गोष्टीत ठेवण्यासारखं काही नव्हतंच. पण तिनं पेन काढलं, दोन्ही फॉर्मवर तिरकी रेघ मारली आणि उठली. "चला. डोळ्यांचा एक्स-रे."

तो काढायला तीन मिनिटंही लागली नाहीत. खाली बघा, वर बघा. मग तिनं मला स्क्रीनपाशी बोलावलं. माझी कवटी, मी ओळखली नसती. दोन मोठ्या काळसर खोबण्या, आणि डाव्या खोबणीत, आतल्या कोपऱ्याला, एक पांढरा ठिपका. मोहरीच्या चौथाईएवढा. फोटोतल्या सगळ्या हाडांपेक्षा पांढरा. एखाद्यानं मुद्दाम पेनानं टेकवावा तसा.

"हा बघा," ती म्हणाली. "आतलं चुंबक ह्याला जागेवरून हलवू शकलं असतं. डोळा गेला असता, काका. मशीन सुरू व्हायचीही गरज नाही, आत शिरतानाच." मग म्हणाली, "डॉक्टरांशी बोलते. कानासाठी दुसरा मार्ग काढतील. आणि हे ह्यापुढे सगळ्यांना सांगायचं. पहिल्यांदा विचारलं तेव्हाच."

बायकोला आत बोलावलं. बाईंनी तिला ठिपका दाखवला आणि सगळं सांगितलं, मी सांगितलं त्याहून बरं. बायको चष्मा न पुसता स्क्रीनकडे बघत राहिली. मला वाटलं, आता मांडीचं निघणार. ते निघालंच, पण मला वाटलं त्या बाजूनं नाही.

"मांडीत काही नाही, हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली. आवाज अगदी भाजीचा भाव विचारावा तसा. "मुलगा सहा महिन्यांचा होता तेव्हापासून. रोज अंगठा फिरवतेय, मला कळत नाही होय, आत काय आहे ते? डॉक्टरांना त्या दिवशी तेच सांगितलं, की ते लिहितील मांडीत तुकडा, पण तिथे काही नाही, मशीन अडवू नका. तुमच्यासमोर कसं सांगणार?"

म्हणजे वजनकाट्याचं ते कारस्थान एवढंच होतं. मी आठवडाभर जिच्यावर पाळत ठेवून होतो ती माझी अब्रू पदराआड धरून उभी होती. मला हायसं वाटायला हवं होतं. मी म्हणालो, "मग आज मोठ्यानं लिहा-लिहा कशाला?"

"लोकांसमोर तुम्ही 'नाही' लिहिलं असतं ते मला बघवलं नसतं." मग ती स्क्रीनकडे वळली आणि ठिपक्याच्या जवळ बोट नेलं, पण टेकवलं नाही. "हे मात्र मला ठाऊक नव्हतं." बाई कागद आवरायचं निमित्त करून बाहेर गेल्या. "अडतीस वर्षं खोट्याला माझ्याकडून तेल लावून घेतलंत," बायको म्हणाली, "आणि खरा एकट्यानं सांभाळलात."

मी सिस्टरकडून कपाटातले दात मागून घेतले. अंगठी साबणाशिवाय परत चढली. रस्त्यानं ती माझ्या डावीकडून चालत होती, एरवी उजवीकडून चालते. मी तिरक्या नजरेनं तिच्याकडे बघायचो तेव्हा ती माझ्या डोळ्याकडेच बघत असायची, आणि मला पुन्हा शंका यायला लागली, की ही मला बघतेय की त्याला.

संध्याकाळी मी खुर्चीत बसलो होतो. ती स्वयंपाकघरातून आली, हातात तेलाची वाटी. रोजच्यासारखी खाली बसली, माझं धोतर गुडघ्यावर सारलं, डावी मांडी पुढे ओढली.

"अगं, आता कशाला? काही नाही ना तिथे."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "गप्प बसा."

तेल कोमट होतं. तिचा अंगठा गोल गोल फिरत फिरत त्या व्रणावर आला, नेहमीपेक्षा जरा जोरात दाबला गेला, आणि तिथे दुखलं. थाप नाही. आत खोल, हाडाशेजारी, रुपयाएवढ्या जागेत, इतकं दुखलं की माझ्या दोन्ही डोळ्यांत पाणी आलं.

ती वर बघून म्हणाली, "काय झालं?"

मी म्हणालो, "काही नाही."